थरथरत्या हातासाठी लेन्स

देवळीत आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. फोटो मी काढतो. बायको ते कॉम्प्युटरवर निवडते, रंग सुधारते, अल्बम लावते. गेल्या वीस वर्षांत माझा एकही फोटो तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात पडलेला नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी दुकान उघडून मी उदबत्ती लावत होतो. तिनं खुर्ची माझ्याकडे फिरवली.

"एक सांगू का तुमाले? रागावू नका."

"सांग."

"वर्षभरापासून मी तुमचे हललेले फोटो बाजूले काढून राह्यली. आधी एखादा राहे. आता लय झाले."

तिनं ते सगळे एका फोल्डरमध्ये जपून ठेवले होते. हळदीचे, मंडपातले, पाहुण्यांचे. प्रत्येक चेहऱ्याच्या कडा दोन-दोन दिसत होत्या. सगळे फोटो फ्लॅश न मारता काढलेले. फ्लॅशच्या उजेडात फोटो इतक्या झटक्यात निघतो की हात हलला तरी समजत नाही. म्हणून मलाही इतके दिवस समजलं नव्हतं.

"माझा हात हलत नाई," मी चिडून म्हणालो आणि तो तिच्यासमोर धरला. बोटांत उदबत्ती तशीच होती. तिचं लाल टोक हलत होतं. आम्ही दोघांनीही ते पाहिलं.

दोन दिवसांनी वर्ध्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला कागदावर गोल गोल रेघा काढायला लावल्या, पाण्यानं भरलेला पेला धरायला लावला.

"काका, तुमच्या वडिलांचे हात थरथरायचे का?"

वडील चहा बशीत ओतून, बशी दोन्ही हातांनी धरून पीत. ती त्यांची सवय आहे असंच आम्ही समजत होतो.

"हा घराण्यातून येणारा कंप आहे, यानं जिवाला काही होत नाही," डॉक्टर म्हणाले. "गोळीनं थोडा कमी होईल. पूर्ण जाईल असं मात्र मी सांगणार नाही."

काहीतरी मोठंच दुखणं निघेल, अशी धास्ती बायकोच्या मनात होती. बाहेर आल्यावर तिनं रसवंतीवर दोन ग्लास मागवले आणि तिथल्या बाकड्यावर बसून पदरानं डोळे पुसले. मी मात्र धंदा बंद करावा का, याच विचारात होतो.

वर्ध्यातच माझ्या एका जुन्या मित्राचं कॅमेऱ्याचं दुकान आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून एक लेन्स काढली. "स्टॅबिलायझेशनवाली आहे, हात हलला तरी फोटो हलत नाई. घेऊ नको, नुसती वापरून पाह्य. आठ दिवस ठेव."

मी ओशाळलो. ज्याला कॅमेरा धरता येत नाही त्याच्यासाठी असल्या लेन्सा, असं मी नव्या फोटोग्राफरांना कितीदा ऐकवलं होतं. कोपर अंगाशी घ्या, श्वास रोखा, बस झालं. कमी उजेड असला तर ट्रायपॉड आहेच. पण लग्नाच्या गर्दीत ट्रायपॉड घेऊन किती फिरणार?

रविवारी सकाळी आम्ही दोघं हिंगणीकडे निघालो आणि बोर धरणाच्या काठावर जाऊन बसलो. पाण्यात एक वाळलेलं झाड उभं होतं. त्याच्या फांदीवर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता. मी लेन्सवरचं बटण चालू केलं आणि शटर अर्धवट दाबलं. आत बारीकसा खर्र आवाज झाला, आणि डोळ्यासमोरचं झाड एकदम स्थिर झालं. कॅमेऱ्यातून दिसणारं सगळं इतके महिने हलत होतं, हे थांबल्यावर मला कळलं. मी कॅमेरा डोळ्यावरून काढलाच नाही.

"काऊन, काय झालं?" बायकोनं विचारलं.

"काई नाई. पाहून राह्यलो."

मी मुद्दाम शटरचा वेग कमी ठेवला, म्हणजे हात हलला तर फोटोत दिसेलच. बटण बंद करून काही फोटो काढले, चालू करून काही. फरक तिला कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरच दिसला. तेवढ्यात पाणकावळा उडाला. मी फोटो घेतला. झाड लख्ख आलं, पाखराच्या जागी काळा फराटा. माझा हात लेन्सनं सावरला होता. पाखरू कोण सावरणार?

पंधरा दिवसांनी जवळच्या गावात एका बौद्ध कुटुंबातलं लग्न होतं. नवरी तलाठी होती, तिथल्या पंचक्रोशीत सगळे तिला ओळखत. विहारात पोचलो तशी ती स्वतः माझ्याकडे आली.

"काका, फ्लॅश नका मारू. आबाच्या डोळ्याचं ऑपरेशन आत्ताच झालं. त्याईले उजेड सहन होत नाई, अन् ते मांगं बसाले बी तयार नाईत."

तिचे आजोबा पहिल्या रांगेत, काळा चष्मा लावून, पांढऱ्या सदऱ्यात ताठ बसले होते. विहाराला दोनच खिडक्या. मित्राची लेन्स परत करायला मी अजून गेलो नव्हतो, तीच लावली.

वंदना सुरू झाली. सगळे हात जोडून स्तब्ध उभे राहिले. मी श्वास सोडला आणि अलगद शटर दाबत गेलो. त्या दहा मिनिटांत मी वर्षभरात काढले नव्हते इतके चांगले फोटो काढले. नंतर फुलं उधळली गेली, पोरंसोरं धावली, नवरीच्या मैत्रिणी हसत एकमेकींच्या अंगावर पडल्या. त्यातलं फारसं हाती लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायको एका फोटोवर थांबली. वधू-वर, भन्तेजी, मागची मूर्ती, सगळं स्पष्ट. फक्त आजोबांचे जोडलेले हात किंचित पुसट. त्यांचेही हात थरथरत होते. जवळून पाहताना मला ते दिसलं नव्हतं.

"हा काढून टाकू?" मी विचारलं.

"ठेवते. तिले पाहू द्या."

नवरी फोटो निवडायला आली तेव्हा तिनं सगळे फोटो एकदा पाहिले आणि त्याच फोटोवर बोट ठेवलं. "हा मोठा करा, काका. आबाचे हात असेच आहेत. लहानपणापासून असेच पाह्यले मी."

मी लेन्स विकत घेतली. आता कुणी फोन करून विचारतं, असली लेन्स घेण्यासारखी आहे का? मी सरळ सांगतो: तुझा हात हलत असेल, उजेड कमी असेल, समोरचं माणूस थांबणारं असेल, तर जरूर घे. समोरचं नाचत असेल, तर ते पैसे जास्त उजेड घेणाऱ्या लेन्सवर घाल. आणि लाजू नको.

दुकानातला दुसरा कॅमेरा त्यानंतर बायकोनं उचलला. इतकी वर्षं माझ्या चुका पाहून तिची नजर तयार झालेलीच होती. फक्त कॅमेरा हातात घ्यायचा राहिला होता. धावणारं, नाचणारं, उधळलेलं आता ती टिपते. पुढच्या आठवड्यात आर्वीला बारशाचं काम आहे. बाळ एक क्षण स्वस्थ पडत नाही, असं त्याच्या आईनं आधीच बजावून ठेवलंय. बायकोनं कालपासून बॅटऱ्या चार्ज करायला लावल्यात.