मोठ्या मॅडमची चूक

"मोठ्या मॅडमचं लई भारी कळतंय की. नव्या मॅडमचं नुसतंच इंग्लिश!"

जिन्यात दोन मुलं हसत होती. नवी मॅडम म्हणजे मी.

मोठ्या मॅडम सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात तीस वर्षं गणित शिकवतायत. सात रस्ता चौकातून स्कूटीने येतात, हेल्मेट टेबलावर ठेवतात आणि वही न उघडता सुरू होतात. फळा तळहातानेच पुसतात. सिद्धता अडली की विचारतात, "आता कुटं जायचं?" मुलं ओरडून वाट सांगतात. माझ्या तासाला तीच मुलं खिडकीबाहेर बघतात.

शिकायला म्हणून मी त्यांच्या वर्गात मागे बसते. खरं तर त्यांची चूक शोधत बसते.

काल ती सापडली. आनंदाने माझे कान तापले. शेवटी उत्तर भलतंच आलं. मॅडम दोन पावलं मागे सरकल्या, फळ्याकडे बघत राहिल्या आणि मोठ्याने हसल्या.

"चुकले की मी! कुणाला दिसतंय का, कुटं?"

मुलं वह्यांत ओळी शोधू लागली. असं हसत 'चुकले' म्हणणं मला जन्मात जमणार नाही, या विचाराने हेवा आणखीच वाढला. गप्प राहून मी त्यांना तिथेच अडकू देऊ शकले असते. पण उठून उभी राहिले.

"मॅडम, तिसऱ्या ओळीत आपण शून्याने भागलंय."