खबऱ्या आणि म्होरक्या

मी चोपड्याला शाळेत मराठी शिकवतो. मुलांचे गणवेश माझा एक टेलर मित्र शिवतो. मागच्या हिवाळ्यात नरडाण्याजवळच्या कापसाच्या एका बंद जिनिंग कारखान्यात गुन्हेगारी चित्रपटाचं शूटिंग होतं आणि त्यांना ‘अस्सल खानदेशी माणसं’ हवी होती. आम्ही दोघं हौसेने एसटीने गेलो.

निवड दोन मिनिटांत झाली. दिग्दर्शकाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “खबऱ्या.” मित्राला नाव विचारलं. नाव ऐकल्यावर त्याच्याकडे न बघताच म्हणाला, “टोळीचा म्होरक्या.” आता हा माणूस कोंबडी घ्यायला गेला तर ती कापून होईपर्यंत दुकानाकडे पाठ करून उभा राहणारा.

माझ्या वाट्याला एक वाक्य होतं. मी आपलं घरी बोलतो तसं बोललो, “बठ्ठा माल आठेच शे, साहेब.”

बोली शिकवायला पुण्याहून एक बाई आल्या होत्या. त्यांनी मला थांबवलं. “सर, असं नाही. ‘समदा माल हितंच हाय, सायेब.’”

“असं आमच्याकडे कोणी बोलत नाही.”

“पण गावाकडचं वाटतं ना,” त्या समजुतीने म्हणाल्या. वीस वर्षं मराठी शिकवणारा मी तासभर ते वाक्य घोकत बसलो.

तिकडे मित्राच्या डोळ्यांत सुरमा घातला, गळ्यात चार तावीज अडकवले. सुरम्याने डोळे चुरचुरतात, असं तो म्हणाला. “आम्हाला वास्तव हवंय, चाचा,” दिग्दर्शक म्हणाला. चाचा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान.

तेवढ्यात इन्स्पेक्टरचं काम करणाऱ्या नटाची वर्दी खांद्यात उसवली. मित्राने सुईदोरा मागून ती तिथल्या तिथे शिवली. अंगाने दोघं सारखेच, म्हणून फिटिंग बघायला ती स्वतः घातली. सुरमा पुसून तो बाहेर उजेडात आला, आणि बंदोबस्तावरच्या खऱ्या हवालदाराने उठून कडक सलाम ठोकला.

सगळे बघत राहिले. मित्र हळूच म्हणाला, “मग मलाच करा ना इन्स्पेक्टर.”

दिग्दर्शकाने खरोखर विचार केला. “प्रेक्षकांना पटणार नाही.”

“आमचे आधीचे साहेब यांच्याच समाजाचे होते,” हवालदार म्हणाला.

“खरं असेल हो. पण खरं वाटत नाही.”

मित्राने वर्दी उतरवून घडी घातली, पुन्हा सुरमा लावून घेतला आणि जेवणाच्या सुट्टीआधी तीन गोळ्या खाऊन मेला. मला त्याचं फार वाईट वाटलं. पण मीही ‘हितंच हाय’ म्हणून मोकळा झालो, हे आजही खुपतं.

चित्रपट आम्ही धुळ्याला जाऊन पाहिला. माझा आवाज दुसऱ्याच कोणाचा होता. तरी ओळखीचे लोक म्हणाले, सर, बोलणं अगदी आपल्याकडचं वाटलं.

गेल्या महिन्यात त्याच चित्रपटवाल्यांचा मित्राला परत फोन आला. नवा चित्रपट, पुन्हा म्होरक्या. कापसाचा व्यापारी, डॉक्टर, निदान टेलर तरी करायला मिळेल का, असं त्याने विचारलं. विचारून सांगतो, म्हणाले.

“बरं, म्होरक्या तर म्होरक्या,” तो शेवटी म्हणाला, “पण या वेळी मला जेवणानंतर मारा. मेलेल्या माणसाला तुम्ही ताट दिलं नव्हतं.”