भैय्यालाल मागच्या सीटवर

गुढियारीत कोणाला नवी गाडी घ्यायची असली की तो माणूस शोरूमच्या आधी भैय्यालाल मेश्रामांच्या अंगणात येतो. भैय्यालाल रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. मालगाडीच्या डब्यांच्या स्प्रिंगा बदलण्यात सारी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक छोटी पांढरी एसयूव्ही घेतली, आणि दोन वर्षांत ती एकदाही रस्त्यात बंद पडली नाही. ना पावसात, ना मे महिन्याच्या पंचेचाळीस डिग्रीत. हे सांगताना भैय्यालाल असे खुलतात, की गाडीचं इंजिन यांनीच घरी बसून बनवलं असावं. क्लच, एसी, मायलेज, सगळ्यावर त्यांचं मत तयार असतं. ऐकणाऱ्याचा चहा गार होऊन जातो.

त्यांच्या पत्नीला, अंजनाबाईंना, कोणी विचारलं तर त्या एवढंच म्हणत, "गाडी बढिया आहे. फक्त मले तिच्यात बसता येत नाही."

लोक हसत. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

अंजनाबाईंच्या कमरेचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली होती, आणि तीन वर्षं त्यांची दीक्षाभूमी चुकली होती. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्या पहिल्यांदा नागपूरला गेल्या, तेव्हापासून अशोक विजयादशमीची एकही खेप त्यांनी सोडली नव्हती. मुलगा संघर्ष पोटात होता, आठवा महिना होता, तरी गेल्या होत्या. पण त्या दिवसांत रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते, आणि असली कंबर घेऊन त्या रेटारेटीत शिरणं शक्यच नव्हतं. गाडी घेतली ती खरं तर यासाठीच. घरच्या दारात बसायचं, पाच-सहा तासांनी नागपूरला उतरायचं. भैय्यालाल हे कोणाला सांगत नसत. लोकांना ते मायलेज सांगत.

पहिल्या वर्षी राजनांदगावहून परत फिरावं लागलं. दुखण्याने अंजनाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. दुसऱ्या वर्षी दुर्गही गाठलं नाही.

भैय्यालालांना यात दोष दिसला तो गाडीचा, आणि दोष म्हणजे स्प्रिंगांचा, दुसऱ्या कशाचा असणार? तीनदा गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तीनदा तिथल्यांनी सगळं ठीक असल्याचं सांगितलं. यांना ते पटेना. स्वतः चादर अंथरून गाडीखाली शिरले, टॉर्च मारून एकेक नट तपासला, टायरची हवा कमी करून पाहिली. शेवटी रस्त्यांना चार शिव्या घालून मोकळे झाले.

यंदा सप्टेंबर लागला तसं अंजनाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आता माझं नाव काढू नका नागपूरसाठी. तुम्ही न् पोरं जाऊन या. मी घरूनच हात जोडीन."

ज्या आवाजात पावशेर मिरची आणायला सांगावी त्या आवाजात त्या हे बोलल्या.  त्या दिवशी भैय्यालालांनी गाडी दोनदा धुतली.

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तात्यापाऱ्यातल्या दवाखान्यातून त्यांना घरी आणायला सून पिंकी गाडी घेऊन गेली. भैय्यालाल सवयीने पुढचं दार उघडायला लागले.

"पापाजी, आगे धूप लगेगी आँख पर," पिंकी म्हणाली. "आप पीछे बैठिए."

दोन वर्षांत ते आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर कधी बसले नव्हते. मालक कशाला मागे बसेल? काळा चष्मा लावून ते अंजनाबाईंच्या जागी बसले, पाठीला त्यांचीच उशी घेतली.

पिंकीला सदर बाजारातल्या सोनाराकडून दुरुस्तीला दिलेले पैंजण घ्यायचे होते. तिथे स्कूट्यांची ही गर्दी. एक स्कूटी आडवी आली, पिंकीने ब्रेक दाबला, आणि भैय्यालाल बसल्या जागेवरून सुर्रकन पुढे गेले. गुडघे समोरच्या सीटवर आदळले. ते सरकून नीट बसले, तर वळणावर दाराकडे घसरले. पट्ट्याने छाती धरून ठेवली होती, पण कंबर खाली खाली चालली होती. उशी तर केव्हाच पायाशी पडली होती. शेवटी त्यांनी दोन्ही पाय रोवले, दाराची मूठ आवळून धरली आणि तसेच बसून राहिले. गुढियारी येईपर्यंत त्यांच्याच कमरेत कळ उठली.

त्यांनी सीट चाचपली. हाताला प्लास्टिक लागलं.

गाडी शोरूममधून आली तेव्हाचं ते प्लास्टिक. मागच्या सीटवरचं ते भैय्यालालांनी काढूच दिलं नव्हतं. कडेने चिकटपट्टी मारली होती, रोज सकाळी ओल्या फडक्याने ते पुसत होते. त्यांच्या घरात तोवर सायकल आली ती कोणाची तरी जुनी, फ्रिज आला तोही जुना. कोणी वापरून टाकली नाही अशी ही पहिलीच वस्तू, आणि ती नवीच राहावी एवढाच त्यांचा हट्ट होता. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. बायको त्या गुळगुळीत प्लास्टिकवर ऑपरेशनची कंबर आवळून, पाय रोवून बसत होती, आणि हे गाडीखाली झोपून स्प्रिंगा तपासत होते.

त्यांना लाज वाटली. इतकी, की घर आलं तरी ते उतरेनात.

"तबियत ठीक है ना, पापाजी?" पिंकीने विचारलं.

"हव," ते म्हणाले आणि बसल्या बसल्या चिकटपट्टी उचकटायला लागले.

आवाज ऐकून अंजनाबाई दारात आल्या. "काहून फाडून राहिले? डोळ्यावर जोर पडन."

"हे घसरते, तुले मालूम होतं?"

"होतं ना."

"मंग बोलली काहून नाही?"

अंजनाबाई गाडीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. "एकदा बोलली होती. तुम्ही म्हटलं, आदत पडन. मंग रोज सकाळी तुम्हाले ते पुसताना पाहून राहिली ना मी. इतकं खुश तुम्हाले जिंदगीत कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, जाऊ दे."

डॉक्टरांनी डोळा पुसायला मनाई केली होती. भैय्यालालांनी पाणी वाहू दिलं.

"पिंकी," ते म्हणाले, "कैंची आण बेटा."

अर्ध्या तासात प्लास्टिकचा ढीग अंगणात पडला. खालून राखाडी कापडाची सीट निघाली, अजून कारखान्याचा वास असलेली. रविवारी सगळे दुर्गपर्यंत जाऊन आले. परतताना अंजनाबाई पूर्ण वाटभर बोलत होत्या, हे पिंकीच्या लक्षात आलं. आधी त्या गाडीत कधी बोलतच नसत.

विजयादशमीच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी निघाली. पिंकी चालवत होती, भैय्यालाल शेजारी. राजनांदगाव मागे पडलं. देवरीच्या पुढे त्यांनी मान वळवून पाहिलं, तर अंजनाबाई तोंड उघडं टाकून गाढ झोपलेल्या. चहाशिवाय ज्यांची सकाळ होत नाही असे भैय्यालाल, पण बायकोची झोप मोडेल म्हणून भंडाऱ्यापर्यंत त्यांनी गाडी थांबवू दिली नाही.

नागपुरात गाड्या दीक्षाभूमीपासून बऱ्याच लांब अडवल्या होत्या. पुढे किलोमीटरभर चालायचं होतं, आणि रस्ता पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी भरून वाहत होता. भैय्यालालांनी दार उघडून हात पुढे केला. अंजनाबाई तो न धरताच उतरल्या, पांढऱ्या साडीच्या निऱ्या झटकल्या आणि सरळ उभ्या राहिल्या.

"चालवन का तुले इतकं?" भैय्यालालांनी भीत भीत विचारलं.

"मले चालवते. तुम्हालेच नीट दिसून नाही राहिलं," अंजनाबाई म्हणाल्या. "हात धरा माझा, नाही तं हरवून जासान."

त्यांनी हात धरला. अंजनाबाई इतक्या भराभर चालत होत्या, की भैय्यालालांना दोनदा म्हणावं लागलं, जरा हळू.