पुस्तक मिटून

पाथरीला दहावीत असताना भूगोलाच्या सरांनी बजावलं, "घोकंपट्टी बंद करा. पुस्तक मिटा अन् घरात कुणालाही धडा समजावून सांगा." सकाळी घरात मायच असायची, तीही कापूस वेचायला निघायच्या घाईत भाकरी थापत. मी पुस्तक मिटून तिच्यापुढं बसले आणि गाइडमधलं पाठ केलेलं उत्तरच घडाघडा म्हणू लागले.

मराठवाड्यात पाऊस कमी का पडतो, याचं ते उत्तर. मायनं मधेच "म्हंजी काय गं?" विचारलं की मी अडखळायचे आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचे. चिडायचेसुद्धा. "मधे बोलू नको न!" ती पुन्हा भाकरी थापू लागायची. महिनाभर हेच चाललं. सरांना मात्र मी ऐटीत सांगायचे, रोज समजावून सांगते म्हणून.

सहामाहीत प्रश्न तोच आला, पण उलटा. कोकणात पाऊस जास्त का पडतो? त्या प्रश्नाची पहिली ओळ मला कुणी दिलीच नव्हती. मी पेनाचं टोपण चावत बसले, घंटा होईपर्यंत.

संध्याकाळी शेतातून आल्या आल्या मायनं विचारलं, "काय आलतं?" मी प्रश्न सांगितला.

"सोपं हाय की," ती पाय धूत म्हणाली. "समुद्राकून ढग येतेत, डोंगराला अडतेत अन् तिकडंच रिते होतेत. आपल्याकडं उरलंसुरलं येतं." मग माझ्याकडं कौतुकानं बघत म्हणाली, "तूच तर रोज सांगायचीस. असंच लिव्हलीस ना?"