भास्करभाऊंच्या पार्टीत आमची रंजना

पडेगावात, दौलताबादच्या रस्त्याला लागून, एक आटपाट घर होतं. घरात किसन नावाचा म्हातारा होता, गया नावाची म्हातारी होती, मिलिंद नावाचा लेक होता, रंजना नावाची सून होती. आणि एक ढोलकी होती. तिला नाव नव्हतं, पण घरात सगळ्यांत जास्त तीच बोलायची. यातली म्हातारी म्हणजे मी. घर अजून जागेवर आहे, या कधी चहाला.

किस्से कोणी ठरवून साठवत नाही. गादीखाली प्लॅस्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसे साठतात. एक ओढायला जावं तर पाच बाहेर येतात! मी शाळेत गेले नाही, त्यामुळं विसरलं तर वहीत बघू, अशी सोयच नव्हती. सगळं डोक्यातच ठेवावं लागलं. आज रंजनाची पिशवी ओढते, बघू किती निघतात.

*

आधी म्हाताऱ्याचं सांगते, कारण रोग तिथूनच सुरू झाला.

आमचे हे हौशी ढोलकीवाले. दिवसभर गवंडीकाम, दिवस कलला की विहारात भीमगीतं. हाताला सिमेंट लागलेलं असायचं, पण ताल कधी चुकला नाही.

लग्नाला आमच्या चार-पाच वर्षं झाली असतील. खुलताबादला एक मोठी गायन पार्टी आली होती. नुसती हौसेची नव्हे, गावोगावी बोलावणं असलेली. पार्टीच्या मालकानं यांचं वाजवणं कुठंतरी ऐकलेलं. म्हणले, "किसनराव, दुपारच्या कार्यक्रमात दोन गाण्यांना आमच्यासंगं बसा."

हे नवा सदरा घालून गेले. स्टेजवर चढले. ढोलकी मांडीवर घेतली. समोरची गर्दी बघितली आणि शेजारच्या पेटीवाल्याच्या कानात म्हणले, "आलोच, जरा लघवीला जाऊन येतो."

ते गेले ते गेलेच! मागच्या बाजूनं उतरून थेट एसटीत बसले.

मी चुलीपुढं भाकरी थापत होते. दारात यांना बघून म्हणलं, "एवढ्यात झाला कार्यक्रम?"

चप्पल काढता काढता म्हणले, "चालू असंल."

*

रंजना लग्न होऊन आली तेव्हा तिनं ढोलकीला हातसुद्धा लावलेला नव्हता. हे ओट्यावर बसून वाजवायचे आणि ती समोर बसून मेथी निवडायची, शेंगा सोलायची, तांदूळ पाखडायची. दोन वर्षं असं चाललं. मला वाटायचं, सून लई कामाची मिळाली, हिचं निवडणं काही संपत नाही!

एक दिवस आम्ही दोघं दवाखान्यातून आलो, तर घरातून ढोलकीचा आवाज. यांनी माझ्याकडं बघितलं, मी यांच्याकडं. मी म्हणलं, "तुम्ही तर इथं हायेत. मग आत कोण वाजवायलंय?"

आत गेलो तर रंजना! आम्हाला बघून तिनं ढोलकीवर पदर टाकला. जणू ढोलकीला थंडी वाजत होती.

हे म्हणले, "झाकू नको. वाजव."

तिनं वाजवलं. हे डोळे मिटून मान डोलवायला लागले. मग डोळे उघडले, तिच्या हाताकडं बघितलं, आणि मान जिथल्या तिथं थांबली. ढोलकीची घुमणारी बाजू डाव्या हाताला असते, बारीक बोलणारी उजव्या हाताला. रंजनानं सगळंच उलटं धरलेलं! समोर बसून शिकली ना ती. यांचा उजवा हात तो तिचा डावा झाला. आरशात बघितल्यासारखं.

यांनी आठ दिवस तिचे हात बदलायचा प्रयत्न केला. सुलटी ढोलकी धरली की तिचे हात एकमेकांना ओळखच दाखवेनात. नवव्या दिवशी हे हरले. म्हणले, "पोरी, तुझं काय चुकलं नाय. मीच तुझ्याकडं तोंड करून बसायला नको होतं!"

*

आमच्या बायकांच्या गाण्याच्या मंडळात मग रंजनाच वाजवायला लागली. आम्ही सगळ्या हौशी. कोण कुठल्या सुरात, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. पण रंजनाला चार लोकं समोर दिसली की घाम फुटायचा. त्यावर तिनं तोडगा काढला. डोळे गच्च मिटून वाजवायचं.

एकदा पौर्णिमेला सकाळी विहारात कार्यक्रम होता. भंतेजी होते, आजूबाजूच्या वस्तीतली माणसं होती. गाणं झालं, आम्ही थांबलो. रंजना काही थांबेना! डोळे मिटलेले, हात चालू. आधी लोकांना वाटलं, ढोलकीचं वेगळं काही ठेवलंय. मग टाळ्या झाल्या. मग आमच्यातल्या दोघी उठून खीर वाटायला गेल्या. तरी हिचं चालूच.

शेवटी भंतेजी स्वतः उठून जवळ आले आणि हळूच म्हणले, "ताई, तुमच्या वाटणीची खीर गार व्हायलीय."

*

आता भास्करभाऊ. शहरात यांची गायन पार्टी. लग्न असो, जयंती असो, भास्करभाऊंची तारीख मिळाली नाही तर लोक लग्नाची तारीख बदलतात. पेटी, बँजो, ढोलकी, मागं गाणारे तिघं. ढोलकीवर चांदभाई. चांदभाईंची बोटं बघितली की वाटतं, या माणसाला हाडं द्यायला देव विसरला.

भास्करभाऊ एकदा पडेगावात कोणाकडं तरी आले होते. विहाराच्या बाहेर उभं राहून त्यांनी आमचं मंडळ ऐकलं. आमचं गाणं ऐकून कोणी थांबत नाही, त्यामुळं मला तेव्हाच शंका आली. कार्यक्रम झाल्यावर ते आत आले आणि रंजनाला म्हणले, "ताई, पुढच्या महिन्यात दौलताबादला लग्न आहे. चांदभाईंच्या बाजूला दोन गाण्यांना बसता का?"

रंजना पांढरीफटक पडली. म्हणली, "इचारून सांगते."

"कोणाला इचारणार?"

मी मागूनच म्हणलं, "मला. मी व्हय म्हणलंय!"

घरी आल्यावर तिनं माझे हात धरले. "आत्याबाई, ती कमावलेली माणसं हायेत. तिथं माझी फजिती झाली ना, तर मी पुन्हा ढोलकीला हात लावायची नाय. बघा. आत्ताच सांगून ठेवते."

ती खोटं बोलणारी पोरगी नाही. लावला नसता हात. आणि ढोलकी गेली असती तर घरात काय उरलं असतं? मी, हे आणि टीव्ही.

मी म्हणलं, "फजिती झाली तर झाली. पण बसल्याबिगर मी होऊ देणार नाय. न बसता फजिती करून घेणारा एक माणूस या घरात हाये, तेवढा बास!"

हे पेपर वाचत होते. पेपर जरा वर सरकला.

*

तालमीला शहरात जायचं होतं. मी संगं निघाले, नाहीतर ही अर्ध्यातून परत आली असती. पडेगावच्या नाक्यावर रिक्षात बसलो. पिशवीत ढोलकी, मांडीवर पिशवी. छावणी आली तशी रंजना म्हणली, "आत्याबाई, डोकं दुखायलंय."

मी म्हणलं, "ढोलकी डोक्यानं वाजवायची नाय."

थोडं पुढं गेल्यावर म्हणली, "हात थंड पडलेत."

मी तिचे दोन्ही हात माझ्या काखेत धरून बसले. बाकीचे पॅसेंजर बघायला लागले.

मग म्हणली, "आत्याबाई, खरं सांगते, पोटात कालवाकालव व्हायलीय. रिक्षा थांबवा, घरी जाऊ."

मी काही बोलायच्या आधी रिक्षावालाच मागं वळला. "ताई, रिक्षा थांबवतो, पण आजी मलाबी खाली उतरू देईल असं वाटत नाय!"

*

तालीम भास्करभाऊंच्या गच्चीवर. वर पत्रे, खाली सतरंजी. सगळी माणसं पंधरा-वीस वर्षं एकमेकांसंगं वाजवलेली. रंजना कोपऱ्यात अंग चोरून बसली. भास्करभाऊंनी तिला एकच नियम सांगितला. "मी हात वर केला की थांबायचं. बाकी काही लक्षात ठेवू नका."

विहारातली खीर आठवून तिनं ठरवलं, यावेळी डोळे मिटायचे नाहीत. भास्करभाऊंच्या हातावरून नजर हलवायची नाही. मांजर उंदराच्या बिळाकडं बघतं ना, तशी ती त्या हाताकडं बघत होती.

गाणं रंगात आलं आणि भास्करभाऊंच्या कानाशी एक माशी आली. त्यांनी हात वर करून माशी हाणली.

रंजना खाडकन थांबली! बाकी सगळे वाजवतायत, गातायत, ही एकटी हात ढोलकीच्या वर धरून बसलेली. तिला कळलं आपलं चुकलं. डोळ्यांत पाणी आलं. पिशवी शोधायला लागली बिचारी. मी जिन्याच्या तोंडाशी सरकून बसले. तिला जायचं असतं तर माझ्यावरून जावं लागलं असतं.

भास्करभाऊंनी गाणं थांबवलं. सगळ्यांकडं एक एक करून बघितलं.

"वीस वर्षं झाली," ते म्हणले, "वीस वर्षं या लोकांना सांगतोय, माझ्या हाताकडं बघत जा. आज पहिल्यांदा कोणीतरी बघितलं!"

*

लग्नाचा दिवस. दौलताबादचं मंगल कार्यालय, किल्ला समोर उन्हात उभा. आम्ही सगळं घर गेलो. मिलिंदनं कंपनीतून सुट्टी काढली होती, बायकोला धीर द्यायला. तिची पर्स छातीशी धरून तो इतका घामाघूम झाला की नवरीकडच्या एका बाईनं त्याला विचारलं, "भाऊ, नवरदेव तुम्हीच का?"

लग्न लागलं. पंगती बसायला लागल्या. पार्टी स्टेजवर बसली. रंजना चांदभाईंच्या बाजूला बसली आणि तिनं आपल्या सवयीनं ढोलकी फिरवली. माइकवाला पळत आला. म्हणला, "ओ ताई, ढोलकी उलटी धरलीय!"

सगळं कार्यालय बघायला लागलं. रंजनानं ढोलकी सुलटी केली, परत उलटी केली, परत सुलटी केली. मी खुर्चीवरूनच ओरडले, "तिची सुलटी तीच हाये! तू तुझा माइक फिरव!"

चांदभाई हसले. माइकवाल्याला म्हणले, "घुमा रे माइक. अम्मा बोल रैं ना."

माइक फिरला. पण रंजनाचा धीर गेला तो गेला. तिनं ढोलकी खाली ठेवली. उठली. स्टेजच्या पायऱ्या उतरून आली आणि माझ्याकडं न बघता म्हणली, "मी आलेच... जरा मोरीकडं जाऊन येते."

मी उठणार, एवढ्यात आमचे हे उठले. ज्या माणसाला खुर्चीतून उठवायला दोघं लागतात, तो माणूस एकटा उठला. तिच्या वाटेत उभा राहिला.

"पोरी," हे म्हणले, "मी जाऊन आलोय तिकडं. तिकडं काय नाय."

रंजनानं यांच्याकडं बघितलं. मग डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला आणि पायऱ्या चढून वर गेली.

*

दोन गाणी ठरलेली. पहिलं गाणं झालं. चांदभाई जोरात, रंजना हळू. दुसरं झालं. दोघं बरोबरीनं. मिलिंदनं पर्स छातीवरून मांडीवर घेतली. मी म्हणलं, झालं बाई, पार पडलं.

पण भास्करभाऊंनी तिसरं सुरू केलं. रंजनाला उठायला फुरसतच नाही. नजर त्यांच्या हातावर खिळलेली. तेवढ्यात मी बघितलं, चांदभाईंनी आपली ढोलकी हळूच बाजूला ठेवली आणि मागच्या बाजूनं उतरले.

मी म्हणलं, आता हिनं शेजारी बघितलं की संपलं! ती एकटी पडलीय हे तिला सांगायचं कसं, आणि न सांगायचं तरी कसं? यांनी माझा हात दाबला. म्हणले, "गप बस. हलू नको." आम्ही दोघं श्वाससुद्धा हळू घेत होतो.

चौथं गाणं झालं. पाचवं झालं. जेवणारी माणसं घास हातात धरून बघायला लागली. एका म्हाताऱ्यानं वाढप्याला गप केलं, "वरण राहू दे रे, ऐकू दे." सहाव्या गाण्यात भास्करभाऊ गायचे थांबले आणि त्यांनी नुसती ढोलकी वाजू दिली. वरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. सातव्या गाण्याच्या शेवटी त्यांनी हात वर केला. ढोलकी तिथल्या तिथं थांबली, सुरीनं कापल्यासारखी.

टाळ्या चालू असताना रंजनानं पदरानं कपाळ पुसलं आणि शेजारी बघितलं. जागा रिकामी! तिनं माइकमध्येच विचारलं, "आत्याबाई, चांदभाई कुठं गेले?"

मी बोट दाखवलं. सगळ्या कार्यालयानं तिकडं बघितलं.

पंगतीत, पहिल्याच रांगेत, चांदभाई मांडी घालून बसलेले. समोर पुरी, भाजी, बुंदी, सगळं वाफाळतं. तोंड भरलेलं.

भास्करभाऊंनी खिशातून डायरी काढली. स्टेजवरूनच मिलिंदला विचारलं, "भाऊ, पुढचा रविवार मोकळा हाये का ताईंना? आणि त्याच्या पुढचा?" मिलिंदनं पर्स हलवून व्हय म्हणलं.

चांदभाईंनी घास गिळला, हातातली पुरी झेंड्यासारखी वर धरली आणि तिथूनच ओरडले, "भाऊ, इस भाबी को अब छोडने का नै! पच्चीस बरस से शादियों में बजा रा मैं... गरम पुरी आज पैली बार खाया!"