मार्लिस हाउगनचं दार

मार्लिस हाउगनने गाडी घेतली ती कुणालाही न विचारता, आणि हा तिचा पहिला गुन्हा ठरला. नवरा ऑर्विल वसंतात गेला, त्याची खटारा पिकअप पहिल्याच कडाक्याच्या थंडीत गेली, आणि मिनेसोटात हिवाळ्यात गाडी नाही म्हणजे माणूस घरात लोणच्यासारखं मुरत बसणार. मार्लिस मुरणाऱ्यांतली नव्हती. ती बँकेत गेली, तिथून गाड्यांच्या दुकानात गेली आणि दुपारी एका निळ्या गाडीत बसून घरी आली. तिचा मुलगा कर्ट याला ही बातमी चर्चमधल्या कॉफीच्या वेळी तिसऱ्याच कुणाकडून कळली.

“मॉम, निदान मला विचारायचंस तरी!”

“तू बोट घेतलीस तेव्हा मला विचारलं होतंस?”

कर्ट हसला. हसून विषय टाळणं हा हाउगन पुरुषांचा पिढीजात धंदा.

दूध विकणाऱ्या शेतकऱ्याची ही पोर. पाय नीट पोचत नव्हते तेव्हापासून ट्रॅक्टर चालवलेली. नंतर सगळा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात, मोठमोठ्या पातेल्यांशी झुंजण्यात गेला. कर्टला गोठलेल्या तळ्यावर नेऊन गाडी शिकवली तीही हिनेच, कारण गाडी घसरली की ऑर्विलचा धीर सुटायचा. अशा बाईने सत्तरी ओलांडली म्हणून तिला एकाएकी काही कळेनासं झालं असं ठरवणाऱ्यांना काडीची तरी लाज हवी होती. ती नव्हती.

तर ही निळी गाडी. तिच्या आतल्या आरशाखाली तीन बटणं होती. गॅरेजचा जुना रिमोट आरशासमोर धरायचा, रिमोटचं आणि आरशाखालचं एक अशी दोन बटणं एकदम दाबायची, की गाडी ती खूण शिकते आणि रिमोटची गरज संपते, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. ऑर्विलचा रिमोट झिजून झिजून अगदी शेवटच्या घटका मोजत होता. दहादा दाबावं तेव्हा एकदा दार हलायचं. मार्लिसने सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. आरशाखालचा दिवा भराभर लुकलुकलासुद्धा. दार मात्र ढिम्म. मग तिने गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं की अर्धं काम अजून बाकी आहे. छताला टांगलेल्या मोटरवर एक बटण असतं, ते दाबून मोटरला या नव्या गाडीची ओळख करून द्यायची.

मोटर छताला, आणि शिडी कर्टच्या घरी. पानगळीतच तो ती उचलून घेऊन गेला होता. “या वयात तुला शिडी कशाला हवी, मॉम?” म्हणाला होता. आता तो फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होता. असं कर, तसं कर, नाहीतर राहू दे, शनिवारी येतो. शनिवार येत होते, कर्ट येत नव्हता. म्हणजे यायचा, पण ती घरी नसताना. त्याच्या ट्रकमधल्या आणि त्याच्या बायकोच्या, डेबच्या, गाडीतल्या बटणाने तिचं गॅरेज रस्त्यावरूनच उघडायचं. ती चर्चहून परतायची तेव्हा फ्रीजरमधलं हरणाचं मांस कमी झालेलं असायचं, मासेमारीसाठी बर्फाला भोक पाडायचं ऑर्विलचं यंत्र गायब असायचं. “डॅड असता तर त्यानेच दिलं असतं,” म्हणे. अरे, पण डॅड नाही, मॉम आहे ना अजून!

शेवटी ती शेजारच्या गॉर्डी नेल्सनकडे गेली. तो आपल्या गॅरेजचं दार वर करून, हीटर लावून, मासे धरायचे गळ साफ करत बसला होता.

“गॉर्डी, तुझी शिडी दे जरा.”

“कॉफी घेतेस?”

“शिडी घेते.”

गॉर्डी गळाकडे बघत राहिला. “कर्टला एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं गं.”

“शिडी तुझी, गॅरेज माझं. कर्ट कुठून आला मध्ये?”

“त्याने सांगून ठेवलंय ना, मार्लिसला शिडी द्यायची नाही म्हणून. काळजीपोटीच म्हणाला तो. आणि आता घरच विकायचं म्हटल्यावर त्या बटणापायी एवढी यातायात कशाला करतेस?”

“कुणाचं घर?”

गॉर्डीच्या लक्षात आलं, पण तोवर बोलून बसला होता. “ती बाई आली होती की गुरुवारी. घरं विकणारी. कर्ट नि ती गॅरेजमधून आत गेले. फोटोबिटो काढत होती. मला वाटलं, तुला ठाऊकच असणार.”

गुरुवारी मार्लिस चर्चच्या तळघरात निर्वासितांसाठी गोधड्या शिवत होती. घरात तिचा बिछाना तसाच पडला होता, सिंकमध्ये उष्टा कप होता, आणि धुण्याच्या खोलीत दोरीवर तिचे आतले कपडे वाळत होते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आख्खा जन्म जिने कुणाचं भांडंसुद्धा रिकामं परत केलं नाही, तिच्या दोरीवरच्या कपड्यांसमोर उभं राहून एक परकी बाई खोल्यांचे फोटो काढत होती! आणि तिला आत घेऊन आला होता पोटचा पोरगा.

घरी येऊन तिने फोन लावला. “कर्ट, शिडी घेऊन ये. आत्ता.”

आवाजच असा होता की तो आला. नेहमीसारखं रस्त्यावरूनच बटण दाबून दार उघडलं आणि आयत्या बिळावरच्या नागोबासारखा सरळ आत शिरला. शिडी लावली, वर चढला.

“सापडलं. जांभळं आहे. दाबू?”

“दाब. आणि दाबूनच धर.”

“दाबून नाही धरायचं गं, नुसतं टोचायचं. दाबून धरलं तर सगळं पुसलं जातं. माझ्या ट्रकचं, डेबच्या गाडीचं, सगळंच.”

“पुस्तक वाचलंय मी. धर.”

कर्टने खाली बघितलं. “हे काय काढलंस आता?”

“गुरुवारी त्या बाईला माझ्या घरात आणलंस?”

“गॉर्डी बोलला वाटतं.”

“मी तुला विचारतेय.”

“नुसती किंमत काय येते ते बघायचं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

“म्हणून माझे आतले कपडे तिला दाखवलेस. छान जपलंस हो आईला!”

कर्टचे कान लाल झाले. “मॉम, उद्या तू पडलीस, काही झालं, तर आम्ही आत कसं यायचं?”

“पडले तर दार फोडून ये. मेले तर घर तुझंच आहे. पण मी उभी आहे तोवर विचारून यायचं.”

“आणि नाही दाबलं तर?”

“तर खाली उतर. मी चढते, तू शिडी धर.”

तिने शिडीला हात घातला, एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला. ती खरंच चढेल हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तळ्यावरच्या बर्फावर गाडी गरगरा फिरत असताना शेजारी शांत बसून राहिलेली बाई ती. त्याने बटण दाबून धरलं. मोटरवरचा बारका दिवा जरा वेळ जळला आणि विझला.

मग तिच्या सांगण्यावरून त्याने तेच बटण एकदा नुसतं टोचलं. ती गाडीत जाऊन बसली आणि आरशाखालचं बटण दाबत राहिली. धडधडत दार खाली आलं, पुन्हा दाबल्यावर वर गेलं. तिला आनंदबिनंद काही झाला नाही. 

कर्ट शिडी उचलायला लागला.

“ती राहू दे,” ती म्हणाली.

रविवारी चर्चनंतर तिने नेहमीसारखी हॉटडिश, म्हणजे मांस-बटाट्याचा भाजलेला थर, ओव्हनमध्ये ठेवली. कर्टचा ट्रक अंगणात येऊन थांबला. सवयीने त्याने बटण दाबलंच असणार, कारण दार हललं नाही आणि तो बराच वेळ तसाच बसून राहिला. मग उतरला आणि घराला वळसा घालून, गुडघाभर बर्फ तुडवत पुढच्या दाराशी आला. त्या दाराने मतं मागणारे आणि वर्गणीसाठी घरोघर बिस्किटं विकणाऱ्या मुली सोडून कुणी येत नाही. बेल वाजली. मार्लिस दारापर्यंत गेली, काचेतून तिला तो दिसला, तरी कडीला हात लावला नाही.

“कोण आहे?”

“मी गं मॉम, कर्ट. दिसतोय की तुला.”

“एकटाच आहेस?”

 त्याने डोक्यावरची टोपी काढली.

“एकटाच आहे,” तो म्हणाला. “आत येऊ का?”

तेव्हा कुठे तिने कडी काढली.