कामावर पोचवणाऱ्या इंदूअक्का

समोर कुणी पेशंट येऊन बसला की इंदूअक्का त्याच्या आजाराबद्दल काहीच विचारत नसत. "तुले काय येस ते सांग. काय येत नही ते बठ्ठासले माहीत शे," एवढंच म्हणत; बठ्ठासले म्हणजे सगळ्यांना. जळगावच्या आमच्या दवाखान्यात त्या समाजसेविका होत्या आणि मी शेजारच्या खोलीत फिजिओथेरपिस्ट. माणूस बरा झाला की आमचं काम संपायचं, अक्कांचं तिथून सुरू व्हायचं. त्याला पुन्हा कामावर घ्या, हे सांगायला त्या एसटीनं गावोगाव जात. दोंडाईचाकडची माहेरची बोली त्यांनी कधी सोडली नाही. बहुतेक ठिकाणी त्यांना चहा मिळे, काम मिळत नसे.

संगीता रावेरजवळ केळीच्या पॅकिंगला जायची. घडाच्या फण्या कापताना तिला फिट आली, तेव्हा विळा हातातच होता. कुणाला लागलं नाही, पण मालकानं तिला घरी पाठवलं. आमच्या दवाखान्यातल्या औषधांनी झटके थांबले, तरी बोलावणं आलं नाही. घरचे तर तिला चुलीजवळही जाऊ देईनात. "ताई, मला नुसतं बसवून ठेवलंय," ती म्हणाली.

अक्कांबरोबर मीही रावेरला गेले. मालक काही वाईट माणूस नव्हता. "अक्का, पोरीचं मलाही वाईट वाटतं," तो म्हणाला. "पण विळ्यावर पडली तर लोक मला धरतील, तुम्हाला नाही."

"खरं शे, भाऊ," अक्का म्हणाल्या. "इळा नको दिऊ. खोके भराले दे."

"बाकीच्या बाया घाबरतात हो."

अक्का उठून शेडमध्ये गेल्या. गुडघे धरत खाली बसल्या आणि केळीच्या दांड्या-पानांच्या कचऱ्यात सरळ आडव्या झाल्या. "मले फिट वनी समजा. आते काय करशात?"

बाया हसल्या. मग एकीनं चप्पल काढली, दुसरी कांदा शोधायला निघाली.

"कांदा भाजीमा टाका. मले कुशीवर करा."

प्रत्येकीकडून त्यांनी ते करून घेतलं. उठल्या तेव्हा लुगड्याला जागोजागी चीक लागला होता. तो डाग धुऊन जात नाही. परतीच्या गाडीत त्या डोळे मिटून म्हणाल्या, "आजून कितला गावमा अशी झोपू मी?"

संगीता खोकी भरू लागली. काही महिन्यांनी तिला कामावर पुन्हा फिट आली. बायांनी तिला कुशीवर केलं, शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसल्या. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी कामावर गेली. मालकाचा तसा फोन आला, तेव्हा अक्कांना आनंद झाला असेल. पण त्यांनी फक्त टेबलावर डोकं टेकलं.

त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. गेल्या उन्हाळ्यात एका पहाटे नशिराबादच्या राहत्या घरी त्या वारल्या. मी सकाळीच संगीताला फोन करून कळवलं. मागं बायांची गडबड आणि ट्रकचं इंजिन ऐकू येत होतं.

"ताई, गाडी लागलीय," ती रडत म्हणाली. "मालक म्हणतो, आज तू नसलीस तर माल निघायचा नाही. मी तिकडं येऊ की काय करू?"

"गाडी भर," मी म्हटलं.